शक्तीनुसार त्याग : रक्तदात्याच्या शरीरातील लोहाचा जमाखर्च

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील रक्तदाता सत्कार सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस आणि पन्नास वेळा रक्तदान केलेल्या बंधूंचा आज आपण शाल व श्रीफळ देऊन गौरव केला. त्यांच्या पुण्यकार्याची मी मनःपूर्वक अनुमोदना करतो. सत्काराच्या दिवशी दात्याच्या प्रकृतीविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. तथापि, ज्यांचा आपण गौरव करतो त्यांच्या आरोग्याची चिंता वाहणे हेही आपलेच कर्तव्य आहे. मी डॉक्टर नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि कापडाचा व्यापारी आहे. जमाखर्च हाच माझा विषय. म्हणून रक्तदानाचाही विचार त्याच अंगाने आपणांपुढे मांडतो.

प्रथम गरजेविषयी. चंद्रपूर आणि गडचिरोली हे वनांचे जिल्हे. १९८२ पर्यंत दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. या भागातील आदिवासी आणि इतरही अनेक समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, लवकर नाश पावतात आणि रुग्णाला वेळोवेळी रक्त चढवावे लागते. या आजारासाठी केंद्र शासनाला १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू करावी लागली, यावरूनच त्याची व्याप्ती लक्षात यावी. त्यात हिवतापाने येणारा पांडुरोग, बाळंतपणातील रक्तस्राव आणि रस्त्यांवरील अपघात यांची भर पडते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा वेळी रक्ताची पिशवी आधीच पोहोचलेली असणे म्हणजे एखाद्याचा जीव वाचणे होय. तेव्हा रक्तदान कमी करा, असे मी मुळीच म्हणणार नाही. रक्त सतत हवे आहे. प्रश्न इतकाच की ते सतत त्याच त्याच माणसांकडून यावे काय?

आता हिशेब पाहू. आपल्याकडे एका वेळी साधारणतः ३५० मिलिलिटर रक्त घेतात. वजन ५५ किलोपेक्षा अधिक असल्यास ४५० मिलिलिटरही घेता येते. दात्याचे हिमोग्लोबिन १४ ग्रॅम असेल, तर ३५० मिलिलिटर रक्तातून ४९ ग्रॅम हिमोग्लोबिन बाहेर जाते. प्रत्येक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे एका रक्तदानात सुमारे १६५ मिलिग्रॅम लोह खर्ची पडले.

जमेची बाजू काय आहे? चांगल्या आहारातूनही शरीर दिवसाला साधारण १ ते २ मिलिग्रॅम लोहच शोषून घेते. त्यातील सुमारे १ मिलिग्रॅम रोजच्या नैसर्गिक झिजेत जाते. शिल्लक एक मिलिग्रॅम धरली, तरी १६५ मिलिग्रॅमची भरपाई व्हायला पाच महिन्यांहून अधिक काळ लागतो. साठा उतरला की शरीर लोहाचे शोषण वाढवते, म्हणून अनेकांचे निभावून जाते. परंतु त्या वाढीलाही मर्यादा आहे. जो दर तीन महिन्यांनी वर्षातून चार वेळा रक्त देतो, त्याचा खर्च वर्षाला सुमारे ६६० मिलिग्रॅम होतो. निरोगी पुरुषाचा राखीव साठा एक हजार मिलिग्रॅमच्या आसपास असतो. जमा वाढली नाही, तर असे खाते किती दिवस चालेल, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

‘चोवीस तासांत रक्त भरून निघते’ असे आपण शिबिरात नेहमी ऐकतो. ते अर्धेच खरे आहे. रक्तातील द्रवभाग एक-दोन दिवसांत भरतो, तांबड्या पेशींना कित्येक आठवडे लागतात आणि लोहाला कित्येक महिने. तीन वेगवेगळ्या मुदतींची ही तीन देणी आपण एकाच दिवसात चुकती झाली असे समजतो.

येथे एक शंका येईल. शिबिरात हिमोग्लोबिन तपासतात, ते १२.५ पेक्षा कमी असेल तर दात्याला परत पाठवतात, मग काळजी कशाची? बंधूंनो, दुकानाच्या फळीवर ताग्यांची रास नीट रचलेली दिसते, म्हणून गोदामही भरलेले आहे असे होत नाही. फळीवरचा तागा विकला की आपण गोदामातून दुसरा आणून ठेवतो. गिऱ्हाइकाला फळी कायम भरलेलीच दिसते. गोदाम पार रिकामे झाल्यावरच फळी उघडी पडू लागते. हिमोग्लोबिन म्हणजे फळीवरचा माल आणि शरीरातील लोहाचा साठा म्हणजे गोदाम. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात रक्ताचा थेंब बुडतो की तरंगतो, हे पाहून किंवा यंत्राने केलेली तपासणी फळी पाहते. गोदाम पाहणारी तपासणी निराळी, तिचे नाव फेरिटिन. ती शिबिरात होत नाही. म्हणून नियमित दात्याचे हिमोग्लोबिन १३ असताना त्याचे गोदाम रिते झालेले असू शकते.

याची चिन्हे अशी : सतत थकवा, जिना चढताना लागणारी धाप, चक्कर, केस गळणे, रात्री पायांना चैन न पडणे, क्वचित माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खाण्याची विचित्र इच्छा. घरचे म्हणतात वय झाले, आणि माणूसही तेच मानून चालतो.

परदेशांत याचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे. इंग्लंडमध्ये सुमारे ४५,००० दात्यांवर दोन वर्षे चाललेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांचे १२, १० व ८ आठवड्यांनी आणि स्त्रियांचे १६, १४ व १२ आठवड्यांनी रक्त घेण्यात आले. अंतर कमी केल्याने कोणावर गंभीर संकट आले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. रक्तही अधिक मिळाले. परंतु थकवा, धाप व चक्कर यांच्या तक्रारी वाढल्या, लोहाचा साठा घटला आणि हिमोग्लोबिन कमी म्हणून परत जाणारे दातेही वाढले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात, साठा आधीच कमी असलेल्या दात्यांना रक्तदानानंतर लोहाची गोळी दिली असता गमावलेल्या हिमोग्लोबिनचा बहुतांश भाग सुमारे ३२ दिवसांत भरून आला. गोळी न घेणाऱ्यांना त्यासाठी १५८ दिवस लागले. म्हणजे दोष रक्तदानात नाही, भरपाई न करता पुन्हा पुन्हा देण्यात आहे.

आपल्या देशाच्या नियमांतही हा विचार आला आहे. २०२० च्या सुधारित नियमांनुसार दोन रक्तदानांत पुरुषांनी किमान ९० दिवसांचे आणि स्त्रियांनी १२० दिवसांचे अंतर ठेवले पाहिजे. स्त्रियांसाठी अधिक अंतर का, तर त्यांचा राखीव साठा बहुधा ३०० मिलिग्रॅमच्या आसपास असतो आणि एका रक्तदानात त्यातील जवळपास निम्मा जातो. शिवाय मासिक धर्माचा खर्च वेगळा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. तेव्हा शिबिरातून परत पाठवलेल्या भगिनीने त्यात कमीपणा मानू नये. तिला वेळीच सूचना मिळाली, असे समजावे.

आपल्या समाजाच्या दृष्टीने आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली आहाराची. शाकाहारातील लोह शरीरात तुलनेने कमी शोषले जाते. चातुर्मासात आणि पर्वतिथींना आपल्यापैकी अनेकांची हिरवी भाजीही बंद असते. यासाठी व्रत मोडण्याची आवश्यकता नाही. डाळी, चणे, तीळ, अळीव, राजगिरा, नाचणी यांचे प्रमाण वाढवावे, जेवणात लिंबू किंवा आवळा घ्यावा, कारण त्यातील ‘क’ जीवनसत्त्व लोह शोषण्यास साहाय्य करते. जेवणाबरोबर आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये, कारण चहा लोह अडवतो. दुसरी गोष्ट तपश्चर्येची. उपवास चालू असताना रक्तदान करू नये, असे नियमच सांगतो. पर्युषणात अठ्ठाई केलेल्या तपस्वींनी पारणे होऊन प्रकृती पूर्ववत होईपर्यंत थांबावे. तप आणि दान एकाच आठवड्यात साधण्याचा आग्रह नसावा.

ज्यांचा रक्तगट निगेटिव्ह आहे, त्यांच्याविषयी एक शब्द. असे लोक आपल्या देशात शंभरात पाचच्या आसपास. त्यांना रात्री-अपरात्री फोन येतात आणि नाही म्हणणे जिवावर येते. ९० दिवस झाले नसतील, तर त्यांनी निःसंकोच नकार द्यावा. हा निर्दयपणा नव्हे. पूर्वी पैशासाठी रक्त विकणारे लोक या रक्तपेढीतून त्या रक्तपेढीत जात आणि स्वतःचे शरीर पोखरून घेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निर्णय देऊन ती प्रथा १ जानेवारी १९९८ पासून बंद करविली. जे पैशासाठी होऊ नये असे आपण ठरवले, ते सन्मानचिन्हासाठीही होऊ नये.

शिबिरांच्या पद्धतीचाही विचार व्हावा. तांबड्या पेशी शीतपेटीत ३५ किंवा ४२ दिवसच टिकतात. एका दिवशी शेकडो पिशव्या गोळा केल्या, तर त्यांची मुदतही जवळपास एकाच वेळी संपते आणि मे महिन्यात पुन्हा टंचाई होते. एकदम आलेला माल गोदामात पडून खराब होतो, हे आपल्याला का सांगावे लागावे?

म्हणून विश्वस्त मंडळापुढे मी पाच सूचना नम्रपणे ठेवतो.

१) रक्तदानाच्या संख्येवर दिला जाणारा सत्कार यापुढे बंद करावा. त्याऐवजी प्रथमच रक्तदान करणाऱ्यांचा आणि नवा दाता घेऊन येणाऱ्यांचा गौरव करावा.

२) वर्षातून एक मोठे शिबिर घेण्याऐवजी रक्तपेढीच्या सल्ल्याने चार लहान शिबिरे घ्यावीत. त्यांतील एक उन्हाळ्यात असावे.

३) प्रत्येक दात्याला तारखांची एक वही द्यावी. तीत पुढील रक्तदानाची सर्वांत लवकरची तारीख लिहिलेली असावी.

४) वर्षातून तीन किंवा अधिक वेळा रक्त देणाऱ्यांची फेरिटिन तपासणी वर्षातून एकदा ट्रस्टच्या खर्चाने व्हावी. लोहाची गोळी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावे. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा अंश असल्यास केवळ हिमोग्लोबिन पाहून स्वतःच्या मनाने लोह घेणे योग्य नव्हे.

५) हिमोग्लोबिन कमी म्हणून परत गेलेल्यांची नोंद ठेवून त्यांना उपचारापर्यंत पोहोचवावे. पन्नाशीनंतरच्या पुरुषात लोह कमी झाले, तर सर्व दोष रक्तदानाला देऊन मोकळे होऊ नये. पोटात कोठे रक्तस्राव होत नाही ना, हेही पाहून घ्यावे.

पहिल्या सूचनेने काही बंधू नाराज होतील, याची मला जाणीव आहे. पन्नासावरून शंभरावर जाण्याची त्यांची जिद्द प्रामाणिक आहे. परंतु एका माणसाने शंभर वेळा रक्त देण्यापेक्षा पन्नास माणसांनी दोन-दोन वेळा दिले, तर पिशव्या तितक्याच भरतात आणि कोणाचेही गोदाम रिते होत नाही. शिवाय पुढची पिढी दाता म्हणून तयार होते. आपल्या शास्त्रकारांनी सोळाकारण भावनांमध्ये त्याग आणि तप या दोहोंनाही ‘शक्तीनुसार’ हे विशेषण जोडले आहे. शक्ती लपवून ठेवू नये आणि शक्तीबाहेरही जाऊ नये, असा त्याचा सरळ अर्थ मी घेतो. दात्याचे शरीर हाही एक जीवच आहे. अहिंसेच्या कक्षेतून त्याला वगळण्याचे कारण नाही.

आजच्या सत्कारमूर्तींनीच पुढाकार घ्यावा. पुढच्या शिबिरात प्रत्येकाने स्वतः एक वेळ विश्रांती घेऊन आपल्या घरातील, शेजारातील एक नवा तरुण आपल्या जागी उभा करावा. ट्रस्टच्या पुढील पन्नास वर्षांसाठी याहून चांगली ठेव मला दिसत नाही.