देऊळ, दप्तर आणि देवाची जमीन
(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय म्हटला तर शब्दांचा आहे, म्हटला तर जमिनीचा.

देऊळ हा शब्द संस्कृतातील 'देवकुल' या शब्दापासून आला. कुल म्हणजे येथे घर. देवाचे घर ते देऊळ, तसे राजाचे घर ते राऊळ, म्हणजे 'राजकुल'. पुढे लोकांनी राऊळही देवालाच देऊन टाकले. 'गर्भागार' याचा झाला गाभारा आणि कलशाचा कळस. गाभाऱ्यापासून कळसापर्यंत सारे शब्द असे जुन्या घरचे आहेत.

देवळाच्या पायऱ्या उतरून चावडीवर आले की भाषा पालटते. तालुका हा शब्द अरबी 'तअल्लुक' यावरून आला. त्याचा अर्थ संबंध. जिल्हा म्हणजे बाजू, मूळ अर्थ बरगडी. तहसील म्हणजे वसुली. कारकून हा फारसी शब्द, अर्थ काम करणारा. (लोक हल्ली काम अडविणारा असा अर्थ करतात, तो भाग निराळा.) दप्तराची कथा तर फार लांबची. मूळ ग्रीक शब्द 'डिफ्थेरा', म्हणजे कातडे. एके काळी कातड्यावर लिहीत, तो शब्द फारसीतून फिरत फिरत आपल्या पोरांच्या पाठीवर येऊन बसला.

शिवछत्रपतींनी 1674 साली राज्याभिषेक करविला, तेव्हा कारभाराच्या भाषेकडेही लक्ष दिले. त्यांच्या आज्ञेने 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. त्यात सुमारे 1,400 शब्दांना संस्कृत पर्याय दिलेले आहेत. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, सरनौबताचा सेनापती. पण रयतेच्या तोंडचे शब्द हुकमाने बदलत नाहीत. जमाबंदी, वसूल, इनाम, सनद हे शब्द राहिले ते राहिलेच. 2024 साली तलाठ्याचे नाव ग्राम महसूल अधिकारी असे झाले. तरी बांधावरचा शेतकरी त्यांना काय म्हणतो ते सांगायला नको.

पाटील हा शब्द मात्र फारसी नव्हे. जुन्या ताम्रपटांत 'पट्टकिल' असा शब्द येतो, त्याचा हा वंशज. मुलकी पाटीलकी 1 जानेवारी 1963 पासून कायद्याने गेली. पोलीस पाटील 1967 च्या कायद्याने आहेत, पण ते पद नेमणुकीचे, वतनाचे नाही. तरीही यात्रेत पालखीला पहिला खांदा कोणाचा, नारळ कोणाच्या हाती, हा मान चालतो. तो रूढीने चालतो. त्यासाठी भांडणे करून यात्रा बंद पाडणारी गावेही आहेत. कागदाचा आधार नसलेल्या मानासाठी माणसे इतकी हट्टाला पेटतात. आणि जेथे कागदाचा खरा आधार आहे, तिकडे कोणी फिरकत नाही. तो कागद म्हणजे देवाच्या जमिनीचा.

इनाम हा अरबी शब्द, अर्थ देणगी. दिवाबत्ती, नैवेद्य, पूजाअर्चा यांसाठी राजेरजवाड्यांनी देवांना जमिनी दिल्या. इंग्रजांनी 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार देऊन सगळ्यांच्या सनदा तपासल्या. ज्यांना पुरावा देता आला नाही, त्यांची इनामे गेली. देवस्थानांना जो वर्ग मिळाला तो 'इनाम वर्ग 3'. स्वातंत्र्यानंतर कुलकर्णी, पाटील यांची वतने एकामागून एक खालसा झाली, परंतु पश्चिम महाराष्ट्रात देवस्थान इनामे टिकली. कूळकायद्याचा कृषक दिन 1 एप्रिल 1957. त्या दिवशी अनेक कुळे जमिनीचे मालक झाली. मात्र सार्वजनिक देवस्थानाच्या ज्या जमिनींना कलम 88-ब खाली सूट मिळाली, तेथे कूळ राहिले तरी मालक झाले नाही.

मग मालक कोण? मालक खुद्द देव. कायद्याच्या दृष्टीने देव ही एक व्यक्ती आहे. पण देव स्वतः कचेरीत येऊन सही करीत नाही, म्हणून त्याचा कारभार दुसऱ्याने पाहायचा, अज्ञान मुलाचा पाहतात तसा. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2021 रोजी मध्य प्रदेशातील एका प्रकरणात हेच स्पष्ट केले, की देवळाच्या जमिनीचा मालक देव. पुजारी हा देवाच्या वतीने व्यवस्था पाहणारा.

यात पुजाऱ्यांचा अपमान नाही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पहाटे उठून थंड पाण्याने स्नान करून पूजा केली, त्यांच्यामुळेच देव उपाशी राहिला नाही. सेवेचा मोबदला त्यांना मिळालाच पाहिजे. परंतु वहिवाटदाराचे नाव एकदा मालकाच्या जागी चढले, की पुढे वारसनोंद होते, मग वाटप, मग विक्री. तिसऱ्या पिढीत देवाचे नाव शोधावे लागते. सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, असे 1950 चा न्यास कायदा सांगतो. पण जमीन न्यासाची आहे हे कागदावर दिसले तर पुढचे सारे.

नव्या देणग्यांचेही तेच. संगमरवरी फलकावर दात्याचे नाव कोरले जाते, ते योग्यच. पण दिलेली दोन गुंठे जमीन दात्याच्याच नावावर राहिली, तर त्याच्या पश्चात ती मुलांच्या नावे लागते, आणि नातवाला आजोबांचा शब्द ठाऊक नसतो. तेव्हा फलक बसविण्याआधी दस्त नोंदवावा व फेरफार मंजूर झाला की नाही ते पाहावे.

यासाठी तीन कागद पुरतात. गाव नमुना 3, म्हणजे दुमाला जमिनींची नोंदवही. नमुना 6, म्हणजे फेरफार. आणि नमुना 7-12, ज्याला सगळे सातबारा म्हणतात. यांतील सात हा हक्काचा आणि बारा हा पिकाचा. समितीने दर वर्षी पाडव्याला नवा उतारा काढून न्यासाच्या फाइलीस लावावा. कोणाच्या घरी माळ्यावर, गाठोड्यात किंवा ट्रंकेत जुनी सनद असेल, ती वाचता येत नाही म्हणून जाळू नये. मोडी वाचणारे जाणकार अजून मिळतात. मूळ कागद आपल्याजवळ ठेवून नक्कल समितीच्या कार्यवाहांकडे द्यावी.