महासत्तांची स्पर्धा आणि कारभाराची रीत



अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या चढाओढीचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे अग्निबाण उभे राहतात. मी मात्र आज संगणकांच्या जाळ्याविषयी बोलणार आहे. राज्यकारभाराची रीत तंत्रज्ञानाला कसे वळण लावते, हे तेथे अधिक स्पष्ट दिसते.

सोव्हिएत संघात बुद्धिमत्तेची वानवा नव्हती. सर्गेई लेबेदेव यांनी १९५१ मध्येच युक्रेनमधील कीव्ह येथे संगणक चालू केला होता. त्याच शहरातील गणितज्ञ व्हिक्टर ग्लुश्कोव्ह यांनी पुढे १९६२ पासून एक भव्य योजना आखली. मॉस्कोत मुख्य केंद्र, त्याखाली सुमारे २०० प्रादेशिक आणि २०,००० स्थानिक केंद्रे. कारखान्यांचे व कोठारांचे हिशेब त्यांतून खेळते राहावयाचे. नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेला याहून उपयुक्त साधन कोणते?

तरीही योजना अडली, आणि अडली ती खात्यांच्या उंबरठ्यावर. जाळे सांख्यिकी खात्याच्या ताब्यात असावे की अर्थखात्याच्या, यावरून वाद माजला. आपला शिल्लक माल वरिष्ठांना दिसावा असे कारखान्याच्या व्यवस्थापकालाही वाटत नव्हते. त्याचे बक्षीस उद्दिष्टपूर्तीवर अवलंबून असे. (आपणांपैकी काहीजण हसलेले मला दिसले.) अखेर १ ऑक्टोबर १९७० रोजी पॉलिटब्युरोच्या बैठकीत अर्थमंत्री गार्बुझोव्ह यांनी विरोध केला आणि योजनेची काटछाट झाली. मंत्रालयांनी मग आपापली केंद्रे उभारली. ती एकमेकांशी जुळणारी नव्हती.

याच राज्यपद्धतीने १९६१ मध्ये गागारिनला अंतराळात पाठविले, हे विसरून चालणार नाही. ध्येय एक आणि हुकूम वरून, अशा कामी ती समर्थ ठरली. खात्यांनी परस्परांपुढे वह्या उघडावयाची वेळ आली, तेथे ती थबकली.

अमेरिकेतही हे काम बाजाराने केले नाही. पैसा संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचा होता. संदेशाचे तुकडे करून ते पाठविण्याची कल्पना बड्या दूरध्वनी कंपनीने पूर्वीच धुडकावली होती. पण तिचा नकार हा तेथे अखेरचा शब्द नव्हता. १९६६ मध्ये त्या संस्थेतील रॉबर्ट टेलर यांनी आपल्या संचालकांकडून एकाच भेटीत मंजुरी मिळविली आणि विद्यापीठे कामाला लागली. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसहून पहिला संदेश निघाला. दोन अक्षरे पोहोचली आणि यंत्र बंद पडले. तासाभराने ते पुन्हा चालू झाले.

ग्लुश्कोव्ह जानेवारी १९८२ मध्ये निवर्तले. पुढच्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी अमेरिकेतील त्या जाळ्याने वेगवेगळ्या जाळ्यांना परस्परांशी बोलते करणारे समान नियम स्वीकारले. आजचे इंटरनेट त्याच नियमांवर उभे राहिले.