रानातला मध, बागेतला मध
(सुवर्णमहोत्सवानिमित्त टी. नगर येथे दिलेले व्याख्यान)



मधासारखा घरगुती विषय आम्ही आज बुद्ध्याच निवडला आहे. महाबळेश्वरहून मधाची बाटली टी. नगरात आली, की ‘आपल्याकडचाच मध खरा’ असे आपण अभिमानाने म्हणतो. त्या अभिमानाला शास्त्राचा आधार किती, हे पाहू.

मधात सुमारे ८० टक्के शर्करा असते. उरलेले बहुतेक पाणीच. अवघ्या अल्पांशात फुलांकडून आलेली फिनॉलिक आम्ले व फ्लॅव्होनॉइडे असतात. मुक्त मूलकांना आवर घालण्याचा, म्हणजेच प्रतिऑक्सिडीकारक गुण, मुख्यत्वे त्यांचा. प्रयोगशाळेत ‘डीपीपीएच’ या जांभळ्या द्रव्यात मध मिसळतात. रंग जितका फिका पडेल तितका हा गुण अधिक. सामान्यतः गडद मध फिक्या मधाहून सरस ठरतो.

म्हणजे रान की बाग, यापेक्षा झाड कोणते, हे महत्त्वाचे. सह्याद्रीत सातेरी माशी जांभूळ, हिरडा, गेळा यांचा मध साठविते. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते, तेव्हा तिचाही. निलगिरीतील नीलकुरिंजी ही त्याच कारवीची सख्खी बहीण. ती बारा वर्षांनी, २००६ व २०१८ साली फुलली. तेथील कुरुंब मधकरी कड्यांवरून आग्या माशीचा मध उतरवितात. कन्याकुमारीकडील मार्तंडम येथे रबराच्या लागवडीतून मध मिळतो. तो तर फुलांचा नव्हे, कोवळ्या पानांच्या देठांवरील ग्रंथींतून पाझरणाऱ्या रसाचा! माहेरच्या सह्याद्रीइतकेच सासरचे हे तमिळ डोंगरही मधाने समृद्ध आहेत.

तथापि गुणगान मर्यादेतच शोभते. हे उपकारक घटक मिलिग्रॅमांत मोजावे लागतात. फळे व भाज्या यांची जागा चमचाभर मध घेऊ शकत नाही. मधुमेह्यासाठी मध ही साखरच. मध गोठून दाणेदार झाला म्हणजे तो भेसळीचाच, ही समजूत निराधार आहे. आणि पाण्यात थेंब टाकून शुद्धता ठरत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. मध उकळू नये. स्वाद उडतो व एचएमएफ हे द्रव्य वाढते.

अखेरीस एक कळकळीची विनंती. नवजात बालकाला मध चाटविण्याची, गुटीत मध घालण्याची रीत आपण प्रेमाने येथवर आणली. परंतु मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते सहसा बाधत नाहीत. वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजून विष निर्माण करू शकतात, आणि त्याने स्नायू लुळे पडतात. मध रानचा असो, बागेतला असो, कितीही शुद्ध असो, हा धोका टळत नाही. घरगुती उकळीनेही ते बीजाणू मरत नाहीत.

म्हणून बारशाला सोन्याची अंगठी खुशाल द्यावी, मध मात्र पहिल्या वाढदिवसानंतरच द्यावा. रीत थोडी पुढे ढकलल्याने परंपरा मोडत नाही. जिच्यासाठी परंपरा जपायची, ती पुढची पिढीच त्यामुळे सुखरूप राहते.