वादळ कमजोर झाले, म्हणजे काय झाले?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज बोलण्यासाठी विषय दिला गेला तो 'विद्यार्थ्यांचे छंद' असा आहे. छंदांवर पुष्कळ चांगली भाषणे तुम्ही ऐकली असतील. मी बी. ए., बी. एड. झालेला, भूगोल आणि मराठी शिकवणारा एक साधा शिक्षक आहे. हवामानशास्त्रज्ञ नाही. परंतु हवामानाच्या नोंदी ठेवण्याचा छंद मला आणि माझ्या काही विद्यार्थ्यांना लागला, त्या छंदात माझ्या हातून एक चूक झाली, आणि त्या चुकीने मला बरेच शिकवले. तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

गोष्ट जून २०२० ची आहे. कोरोनामुळे शाळा बंद होत्या. मुले घरात, मी घरात. १ जून रोजी बातमी आली की अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला असून त्याचे चक्रीवादळ होईल आणि ते ३ जूनला हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान किनाऱ्यावर येईल. २ जूनला दुपारी ते चक्रीवादळ झाले व त्याला 'निसर्ग' हे नाव मिळाले. हे नाव बांगलादेशाने सुचविलेले होते. आपल्या भागातील १३ देशांनी मिळून १६९ नावांची नवी यादी केली होती, तिच्यातील हे पहिलेच नाव.

आमच्या वर्गातील सात-आठ मुलामुलींना मी फोनवर सांगितले, "आलेख कागद घ्या. आडव्या रेघेवर रेखांश, उभ्या रेघेवर अक्षांश मांडा. अंबरनाथ साधारण १९.२ अंश उत्तर आणि ७३.२ अंश पूर्व. अलिबाग १८.६ उत्तर आणि ७२.९ पूर्व. आता हवामान खात्याचे पत्रक येईल तसा वादळाच्या जागेवर एकेक ठिपका द्या." वर्गात अक्षांश-रेखांश म्हटले की जी मुले जांभया देत, तीच मुले रात्री अकराला विचारू लागली, "सर, नवीन पत्रक आले का?" कारण ठिपके आपल्या घराकडे सरकत होते. अलिबाग आपल्यापासून सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटर. कागदावर ते बोटाच्या एका पेराएवढे दिसते.

मित्रहो, आपल्या वस्तीची घरे कशी आहेत, हे मी तुम्हांला सांगायला नको. पुष्कळांच्या डोक्यावर पत्रा आहे. मोरिवली आणि आनंदनगरच्या एमआयडीसीत ज्यांचे वडील किंवा भाऊ कामाला जातात, तेथील कित्येक शेडवरही पत्राच आहे. तेव्हा ते ठिपके आमच्यासाठी भूगोलाचा नुसता गृहपाठ नव्हते. एका मुलीने गच्चीत काठीला ओढणीची पट्टी बांधली आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवू लागली. ३ जूनला सकाळी तिने कळवले, "सर, वारा पूर्वेकडून येतो आहे. वादळ तर समुद्रात पश्चिमेला आहे, मग वारा उलट्या दिशेने कसा?"

प्रश्न फार चांगला होता. आपल्या उत्तर गोलार्धात चक्रीवादळातील वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. तुम्ही वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिलात, तर वादळाचे केंद्र साधारणपणे तुमच्या डाव्या हाताला असते. वारा पूर्वेचा, म्हणजे तोंड पश्चिमेला, डावा हात दक्षिणेला. वादळ दक्षिणेकडे, अलिबागच्या बाजूला होते. नंतर वारा उत्तरेकडून येऊ लागला, तेव्हा डावा हात पूर्वेला गेला. वादळ आपल्याला वळसा घालून घाटाकडे चालले होते. एका ओढणीच्या पट्टीने त्या मुलीला हे सांगितले.

आता माझ्या चुकीकडे येतो.

३ जूनला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान 'निसर्ग' अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. मला पुस्तकातले ठाऊक होते की चक्रीवादळाचे अन्न म्हणजे समुद्राची वाफ. पाणी साडेसव्वीस-सत्तावीस अंशांच्या वर तापलेले असले की त्याची वाफ वर जाते, तिचे ढग होताना उष्णता बाहेर पडते आणि त्या उष्णतेवर वादळ पोसले जाते. जमिनीवर आले की हा पुरवठा तुटतो, डोंगर, झाडे आणि घरे यांच्या घर्षणाने वारा अडतो आणि वादळ कमजोर होऊ लागते. शिवाय आमचे ठिपके दाखवत होते की ते आपल्याला टाळून जात आहे. मला हायसे वाटले. दीडच्या सुमारास मी मुलांच्या आणि पालकांच्या गटावर लिहिले, "वादळ जमिनीवर आले. आता कमजोर होईल. धोका टळला."

माझे पहिले वाक्य खरे होते. दुसरेही खरे होते. तिसरे मी मनाने जोडले होते.

आमच्या वर्गातील एका मुलाचे आजोळ श्रीवर्धन-म्हसळ्याकडे आहे. आपल्यापैकी कित्येक कुटुंबांची मुळे त्या कोकणपट्टीत आहेत, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. त्या मुलाने मोठ्या उत्साहाने आजोळी फोन लावला आणि नानांना सांगितले, "नाना, सर म्हणतात धोका टळला." त्यानंतर फोन बंद पडला. तिकडे वारा एकाएकी पडला होता. नातवाचे बोलणे ऐकून नाना वाडीत किती झाडे पडली ते पाहायला बाहेर निघाले. थोड्याच वेळात वारा विरुद्ध बाजूने सुटला, आणि उडालेल्या पत्र्याने त्यांच्या पायाला मोठी जखम झाली. अल्लाहच्या मेहरबानीने जीव वाचला. परंतु ही बातमी अंबरनाथला पोहोचायला दोन दिवस लागले, आणि ते दोन दिवस त्या मुलाची आई काय अवस्थेत होती, हे मी पाहिले आहे.

काय घडले होते? मोठ्या वादळाच्या मध्यभागी एक शांत भाग असतो, त्याला डोळा म्हणतात. डोळा किंवा त्याची कड माथ्यावरून जाताना वारा थांबल्यासारखा वाटतो. ती शांतता म्हणजे वादळाचा शेवट नसून मध्य असतो. दुसरे असे की उत्तर गोलार्धात वादळाच्या वाटचालीच्या उजव्या बाजूला वारे अधिक जोराचे असतात, कारण फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग यांची तेथे बेरीज होते. 'निसर्ग' ईशान्येकडे चालले होते. आपण आणि मुंबई डाव्या बाजूला होतो. श्रीवर्धन आणि म्हसळा उजवीकडे होते. म्हणूनच मुंबईची माणसे संध्याकाळी "काहीच झाले नाही" असे म्हणत होती, आणि त्याच वेळी तिकडे कौले उडाली होती, विजेचे खांब आडवे झाले होते आणि पिढ्यांनी वाढवलेल्या सुपारीच्या बागा भुईसपाट झाल्या होत्या.

नाना बरे झाल्यावर मी फोन करून त्यांची माफी मागितली. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "मास्तर, तुमचे वादळ अंबरनाथचे होते, आमचे म्हसळ्याचे होते."

वाचकहो आणि श्रोतेहो, 'कमजोर झाले' या शब्दाचा अर्थ त्या दिवसापासून मी नीट शिकलो. तो तुम्हांलाही सांगतो.

हवामान खाते वाऱ्याच्या वेगावरून वादळाची पायरी ठरवते. ताशी ६२ ते ८८ किलोमीटर म्हणजे चक्रीवादळ, ८९ ते ११७ म्हणजे तीव्र चक्रीवादळ, त्यावर अतितीव्र. 'निसर्ग' ३ जूनच्या संध्याकाळी तीव्र पायरीवरून खाली आले, रात्री आणखी उतरले आणि ४ जूनला नुसता कमी दाब म्हणावा इतके उरले. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग १२० वरून ६० झाला, तर रेटा निम्मा होत नाही, चौथा हिस्सा राहतो. म्हणजे कमजोर होणे ही खरोखरच दिलासा देणारी गोष्ट आहे. पण ही पायरी वाऱ्याची आहे, पावसाची नव्हे. वारा उतरला तरी ढगांतले पाणी कोसळायचे राहिलेलेच असते.

पाण्याचा धडा तर आपल्या घराशेजारीच आहे. २६ जुलै २००५ रोजी कोणतेही नाव असलेले वादळ नव्हते, तरी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उल्हास नदीने बदलापूरची काय दशा केली, ती वडीलधाऱ्यांना आठवत असेल. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. तेव्हाही वादळ नव्हते. म्हणून वाऱ्याची बातमी ऐकून वालधुनीच्या काठावरील घराने निर्धास्त होऊ नये.

आता दुसरी बाजू. वादळ कमजोर झाले किंवा वळले की लोक म्हणतात, "खात्याने उगाच घाबरवले." नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' अलिबाग आणि मुंबई यांच्यामध्ये किनाऱ्यावर आले आणि लवकर विरले. मुंबईकरांनी थट्टा केली. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या मच्छीमारांच्या घरांत त्या वादळाचे नाव थट्टेने घेतले जात नाही. जून २०१९ मध्ये 'वायू' गुजरातवर येणार म्हणून लाखो माणसे हलवली, आणि ते समुद्रातच वळले. ते श्रम वाया गेले काय? आपण घराला कुलूप लावतो आणि चोर येत नाही, म्हणून कुलूप फुकट गेले असे कोणी म्हणत नाही.

आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी मात्र तसे म्हटले. २०२० मध्ये त्यांनी पत्र्यावर वाळूची पोती ठेवली होती. काही झाले नाही, म्हणून पुढच्या वर्षी ठेवली नाहीत. १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' मुंबईच्या पश्चिमेला समुद्रातून गुजरातकडे गेले. ते आपल्या किनाऱ्यावर आलेच नाही, तरी आपल्याकडे झाडे पडली आणि त्या गृहस्थांचे दोन पत्रे गल्लीच्या पलीकडे सापडले. त्याच दिवशी मुंबई हायजवळ पी-३०५ हा बार्ज बुडाला आणि सत्तरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पोटासाठी घरापासून दूर गेलेली कामगार माणसे होती ती, आपल्या वस्तीतल्या माणसांसारखीच.

म्हणून पालकांना माझी विनंती अशी. हवामान खाते सुमारे ७२ तास आधी पहिली पूर्वसूचना देते, ४८ तास आधी इशारा देते, २४ तास आधी धोक्याची सूचना देते आणि १२ तास आधी जमिनीवर आल्यानंतर काय होईल ते सांगते. या चार पायऱ्या घरात लिहून ठेवा. पत्रे बांधणे, कागदपत्रे व मुलांची पुस्तके प्लॅस्टिकमध्ये ठेवणे आणि पिण्याचे पाणी भरणे ही कामे दुसऱ्या पायरीला उरकून घ्या. कारखान्यात जाणाऱ्याने शेडवरील सैल पत्रे आणि उघड्यावरचे पिंप यांविषयी आपल्या सुपरवायझरला आधीच सांगावे.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला वाटेल की हा सगळा उद्योग मोठ्या शास्त्रज्ञांचा आहे. तसे नाही. आपल्या शेजारच्या बदलापुरात हवामानाचा छंद असणारी माणसे स्वतःच्या उपकरणांनी पाऊस आणि तापमान मोजतात, आणि त्यांच्या नोंदी वर्तमानपत्रांत येतात. सरळ भिंतीची एक बाटली, तिच्याच तोंडाएवढे नरसाळे आणि एक पट्टी, एवढ्यावर पर्जन्यमापक होतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तुमच्या घराचा पत्रा वीस चौरस मीटरचा असेल आणि १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्यावर दोन हजार लिटर पाणी पडले. हे गणित करून पाहा, बारवी धरण कसे भरते तेही कळेल.

हा छंद आपल्याला परकाही नाही. 'मान्सून' हा शब्द अरबी 'मौसिम' पासून आला आणि 'तुफान' हाही शब्द अरबीतून आपल्याकडे आला. पंधराव्या शतकातील अहमद इब्न माजिद या अरब नाविकाने हिंदी महासागरातील वारे आणि कोणत्या बंदरातून केव्हा निघावे याचे दिवस ग्रंथात लिहून ठेवले. त्याने अनुभव नोंदवला, म्हणून तो पुढच्यांच्या कामी आला.

आमचा तो गट आजही आहे. मुले मोठी झाली, नवी आली. नियम तीन आहेत. पहिला, जे पाहिले ते वेळेसह लिहायचे. दुसरा, खात्याचे पत्रक जसेच्या तसे पाठवायचे, त्यात आपले वाक्य जोडायचे नाही. तिसरा, 'धोका टळला' असे लिहायचे नाही. लिहायचेच झाले, तर 'आमच्या गावी, या वेळी वारा कमी आहे' एवढेच लिहायचे. तिसरा नियम कोणामुळे झाला, हे नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगतो. शिक्षकाची चूक विद्यार्थ्यांना कळली, तर शिक्षकाचा मान कमी होतो असे मला वाटत नाही. ती लपवली, तर मात्र एखाद्या वादळात कोणाच्या तरी नानांना त्याची किंमत द्यावी लागते.

तो मुलगा आज महाविद्यालयात भूगोल शिकतो आहे. नानांनी वाडीत पुन्हा सुपारीची रोपे लावली आहेत. सुपारीला फळ धरायला काही वर्षे जावी लागतात. अभ्यासाचेही तसेच आहे.