ड्रमवर बोलणारा तबला



लग्नसराईत वसईच्या ख्रिस्ती वस्त्यांतून बँडाचा नाद कानी आला, की मला माझ्या वर्गातील एक मुलगा आठवतो. त्याचे वडील अशाच एका बँडात ढोल वाजवीत. गणिताच्या तासाला हा मुलगा बाकावर बोटांनी ठेका धरी. एके दिवशी मी रागाने म्हणालो, "बाके बडविणाऱ्याच्या हाती पुढे काही लागत नाही." त्या दिवसापासून त्याचा ठेका बंद झाला. माझे ते वाक्य किती उथळ होते, हे मला एका मुंबईकर वादकाच्या चरित्राने पुढे शिकविले. त्या वादकाचे नाव त्रिलोक गुर्टू.

त्यांचा जन्म मुंबईस १९५१ साली झाला. ठुमरी-दादऱ्यासाठी विख्यात असलेल्या, मूळच्या बेळगावच्या गायिका शोभा गुर्टू या त्यांच्या मातोश्री. आजी मेनकाबाई शिरोडकर याही गायिका व नर्तकी होत्या. त्रिलोक यांनी तबल्याचे शिक्षण शाह अब्दुल करीम यांच्याकडे घेतले आणि पुढे ते पाश्चात्य ड्रमकडे वळले. त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगतात. परदेशी ध्वनिमुद्रिका ऐकून ते वाजवू लागले, तेव्हा निरनिराळ्या वेळी वाजविलेले भाग एकावर एक मुद्रित करता येतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. अनेक वाद्यांचे ते काम एकटाच मनुष्य करीत असावा, अशा समजुतीने त्यांनी ते सारे आत्मसात केले. अज्ञानही कधी कधी उत्तम गुरू ठरते, ते असे!

आता थोडे कलेविषयी. तबल्याचा विद्यार्थी बोल प्रथम मुखाने म्हणतो, मग हाताने वाजवितो. प्रत्येक आघातास नाव असते, म्हणजे ताल ही त्याची भाषाच होते. पाश्चात्य लोकप्रिय संगीतात चार मात्रांचे चलन फार रूढ. पाच किंवा सात मात्रांची चाल आली की श्रोता बिचकतो. जॅझच्या नव्या प्रवाहांनी आणि 'प्रोग्रेसिव्ह रॉक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दीर्घ रचनांनी अशा विषम चाली हौसेने हाताळल्या. परंतु सात मात्रांचा रूपक आणि दहा मात्रांचा झपताल ज्याच्या बोटांत बालपणीच मुरला, त्याला त्यांत बिचकण्यासारखे काय होते?

१९७७ साली एंब्रियो या जर्मन वाद्यवृंदाच्या 'अपोकॅलिप्सो' या ध्वनिमुद्रिकेत त्रिलोक वाजवू लागले आणि त्याच मुद्रिकेत शोभाताईही गायिल्या. मुलाने निवडलेल्या अनोळखी वाटेवर आईने आपला सूर घेऊन चार पावले चालावे, यापरता आशीर्वाद कोणता? पुढे १९८४ साली ओरेगॉन या अमेरिकन संचातील कॉलिन वॉलकॉट यांचे अपघाती निधन झाले. वॉलकॉट हे उस्ताद अल्लारखाँचे शिष्य. त्यांच्या रिकाम्या जागी त्रिलोक आले आणि १९८७ ते १९९१ या काळात त्या संचाच्या तीन ध्वनिमुद्रिका त्यांच्यासह प्रसिद्ध झाल्या. १९८८ साली 'उस्फ्रेट' ही त्यांची स्वतःची पहिली मुद्रिका निघाली. तीतही मातोश्रींचा स्वर आहेच. गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रिकुटात त्यांनी १९८९ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये वाजविले. त्या मैफलीतील एका रचनेचे नाव 'मदर टंग्ज', म्हणजे मातृभाषा! मला हे नाव फार अन्वर्थक वाटते.

कारण ड्रम वाजवितानाही या वादकाने आपली मातृभाषा टाकली नाही. उंच आसन सोडून ते अर्धवट गुडघे टेकून, जमिनीलगत बसून वाजवितात. ड्रमच्या शेजारी तबला असतो, आणि पाण्याने भरलेली एक बादलीही. झांज वाजवून ती पाण्यात बुडविली की तिचा स्वर वाकतो, वितळतो. वाद्य परके असले तरी त्यावरचे बोलणे आपले असू शकते, हेच त्यांच्या कारकिर्दीचे सार होय.

श्रोतेहो, बाक वाजविणारे प्रत्येक मूल त्रिलोक गुर्टू होईल, असे मी म्हणत नाही. परंतु आपल्या घरात ताटावर चमचा वाजू लागला, तर "बंद कर" म्हणण्यापूर्वी क्षणभर ऐकावे, तो समेवर येतो की नाही ते पाहावे, एवढीच विनंती. माझ्या त्या विद्यार्थ्याचा ठेका सात मात्रांचा होता की आठ, हेही मी त्या दिवशी मोजले नव्हते.