पाव मैलाची तयारी

मुळशी तालुक्यातल्या ज्या चांदे गावात मी राहतो, त्याचं नाव सहसा कुणी एकटं घेत नाही. 'नांदे-चांदे' असंच म्हणतात, जुळ्या भावंडांना हाक मारावी तसं. एका अंगाला हिंजवडी, दुसऱ्या अंगाला सूस आणि लवळे. मधल्या भातखाचरांतून आता इमारती उगवल्या आणि त्यांच्यासाठी रस्ते आले. नवा गुळगुळीत रस्ता झाला की त्यावर एस.टी. कधी येईल ते सांगता येत नाही, पण रात्री अकरानंतर मोटारींच्या शर्यती हमखास येतात. मी रात्री लिहायला बसतो. ओळ जुळत आलेली असते आणि बाहेरून दोन गाड्या किंचाळत जातात. त्याच रस्त्यावरून त्या वेळी पाळी संपवून सायकलवर निघालेला एखादा सुरक्षारक्षकही जात असतो. मला ओळीपेक्षा त्याची काळजी वाटते.

काही वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने घरात विषय काढला. त्याला ड्रॅग शर्यतीत आपली गाडी पळवायची होती. गाडी म्हणजे २००९ सालची सेकंडहँड स्विफ्ट, १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन, ८७ अश्वशक्ती. हीच गाडी त्याला रोज हिंजवडीला नेते, भाभींना बाजाराला नेते, आणि पाव्हण्यारावळ्यांना स्टेशनवर सोडते. माझे थोरले भाऊ गॅरेज चालवतात. आम्ही सगळे त्यांना भाईच म्हणतो. भाईंनी ऐकून घेतलं आणि दोनच गोष्टी सांगितल्या. "रस्त्यावर पळवलीस तर चावी माझ्याकडे. पट्टीवर पळवायची असेल तर गाडी मी सांगेन तशी तयार होईल."

ड्रॅग शर्यत म्हणजे काय, ते आधी सांगतो. दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सोडायच्या. रस्ता सरळ, वळण नाही. अंतर पाव मैल, म्हणजे १३२० फूट, आपल्या हिशेबात ४०२ मीटर. पुणे जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावायला फार कष्ट नकोत. आपल्याकडचा बैलगाडा आठवा. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळकडच्या घाटांत एका वेळी एकच गाडा सुटतो आणि भांडण सगळं घड्याळाशी असतं. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो थांबवला, डिसेंबर २०२१मध्ये अटी घालून पुन्हा परवानगी दिली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. त्या काळात चहाच्या टपरीवर सेकंदाच्या शंभराव्या भागावरून वाद घालणारी माणसं मी पाहिली आहेत. ड्रॅगवालेही त्याच जातीचे. शेजारची गाडी हरवणं असतंच, पण घरी आल्यावर प्रत्येक जण सांगतो ती आपली वेळ.

या खेळाचा जन्मच मुळी रस्त्यावरचा धिंगाणा आवरण्यासाठी झाला, हे मला नंतर वाचनात आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत तरुण पोरं गावातल्या रस्त्यांवर गाड्या पळवू लागली. १९५० साली कॅलिफोर्नियात सांता आना इथल्या विमानाच्या धावपट्टीवर तिकीट लावून नियमित शर्यती सुरू झाल्या. १९५१मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली आणि खेळाला नियम आले. धावपट्टी आणि मोटार यांचं नातं आपल्याकडेही जुनं. चेन्नईजवळच्या शोलावरमला युद्धकाळातल्या धावपट्टीवर कित्येक वर्षं शर्यती झाल्या. आमच्यासाठी तर धावपट्टी तालुक्यातच होती. कोरीगडाच्या पायथ्याला अॅम्बी व्हॅली आहे. गडावर कोराई देवीच्या दर्शनाला गेलात तर खाली ती काळी पट्टी आखल्यासारखी दिसते. तिथे 'व्हॅली रन' या नावाने ड्रॅग शर्यती भरल्या आहेत. इंजिनाच्या आकारमानाप्रमाणे गट पाडतात, म्हणून आमच्या स्विफ्टसारखीलाही तिथे जागा असते.

आता तयारी. माझी अशी समजूत होती की शर्यतीची गाडी म्हणजे तिला काहीतरी बसवायचं. पुतण्याचीही तीच. त्याने मोठ्या आवाजाच्या एक्झॉस्टसाठी पैसे साठवले होते. भाईंनी गाडी जॅकवर घेतली आणि त्याला पहिला प्रश्न विचारला, "थांबणार कुठे?" वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर चौपट होतं, हे शाळेत आपण सगळेच शिकलो, पण ब्रेकचे झिजलेले पॅड हातात घेऊन ते ऐकणं वेगळं. मी बी.ए., तेही मराठी घेऊन. पाना कसा धरतात ते मला येत नाही, म्हणून माझ्याकडे टॉर्च धरायचं काम होतं. त्या उजेडात मी बरंच पाहिलं.

टायरच्या बाजूवर चार आकडे एका चौकटीत कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२११ असं असेल तर तो टायर २०११च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनला. मला वाटतं, गाडी असणाऱ्या शंभरातल्या नव्वद लोकांनी हे आकडे कधी पाहिलेले नसतात. आमच्या गाडीचे दोन टायर वरून चांगले दिसत होते, पण कडेला बारीक भेगा होत्या. रबर म्हातारं झालं की त्याची पकड जाते, नक्षी शिल्लक असली तरी. एक्झॉस्टचे पैसे तिथेच संपले. दोन टायर आणि ब्रेक पॅड. पुतण्याचं तोंड दोन दिवस फुगलेलं होतं. भाभींनी त्याची बाजू घेतली, पण भाईंच्या गॅरेजमध्ये भाभींचंही चालत नाही.

मग ऑइल बदलणं, कूलंट पाहणं, पंख्याचा पट्टा, पाण्याचे पाइप. बॅटरी हलवून पाहिली, ती हलली, म्हणून क्लॅम्प घट्ट केला. गाडी झटक्यात सुटते तेव्हा जे जे सैल आहे ते सुटून येतं. चाकांचे नट टॉर्क पान्याने आवळले, कारण पायाने दाबून आवळलेला नट किती आवळला हे कुणालाच माहीत नसतं. एअर फिल्टर काढला, त्यात आमच्या चांदे-माण रस्त्यावरची धूळ पसाभर निघाली. प्लग नवे टाकले. महागडं पेट्रोल भरू का, असं पुतण्याने विचारलं. ऑक्टेनचा आकडा मोठा म्हणजे ताकद जास्त, असा पुष्कळांचा समज आहे. खरं तर तो आकडा पेट्रोल दाबाखाली वेळेआधी पेटू नये, ही सहनशक्ती सांगतो. ज्या इंजिनात दाबच तेवढा नाही, त्याला ती सहनशक्ती काय कामाची? पुढे डिसेंबर २०२०मध्ये इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचं पेट्रोल आणलं, तेव्हाही आमच्या स्विफ्टसाठी भाईंचं उत्तर बदललं नाही. साधं पेट्रोल, तेही पाव टाकी. उरलेल्या टाकीचं वजन कशाला पळवायचं?

वजन! तयारीतला मला सर्वांत आवडलेला भाग हाच. हजार किलोच्या आसपासची गाडी, तिच्यातून जे निघेल ते फुकटची अश्वशक्ती, असा हिशेब. डिकी उघडली. त्यातून भाभींची हरवलेली छत्री निघाली. एक चादर, पाण्याचे दोन कॅन, कुठल्या तरी लग्नातली खुर्ची, दोरखंड, अर्धं पोतं तांदूळ. आणि सर्वांत खाली माझ्या कवितासंग्रहाच्या प्रती. प्रकाशकाकडून मी त्या आणल्या त्या दिवसापासून तिथेच होत्या. भाईंनी तांदळाच्या काट्यावर गठ्ठा ठेवला आणि जाहीर केलं, "एकवीस किलो." पुतण्या म्हणाला, "चाचा, तुमच्या कवितांनी माझा पिकअप मारला." मराठी समीक्षेत माझ्याविषयी इतकं थेट कुणी लिहिलेलं नाही.

स्टेपनी आणि जॅक मात्र काढले नाहीत. ते पट्टीवर पोहोचल्यावर उतरवायचे, कारण लोणावळ्यावरून भुशी, लायन्स पॉइंट करत घाटातून त्याच गाडीने जायचं होतं आणि त्याच गाडीने परत यायचं होतं. रस्त्यावरच्या गाडीची तयारी आणि शर्यतीच्याच गाडीची तयारी यांत फरक पडतो तो इथे. अमेरिकेतल्या सर्वांत वेगवान ड्रॅग गाड्या चार सेकंदांच्या आत ताशी पाचशे किलोमीटरच्या पुढे जातात आणि ट्रकवर चढून घरी परततात. एक धाव झाली की त्यांचं इंजिन उघडून पुन्हा बांधतात. माझ्या लहानपणी शर्यतीत धावलेला बैल दुसऱ्या दिवशी औताला दिसायचा. आमची स्विफ्ट त्या बैलासारखी. भाईंचं एक वाक्य त्या पंधरा दिवसांत मी रोज ऐकलं : "सोमवारी हिला हिंजवडीला जायचंय."

यात पैशाचाही प्रश्न होता, आणि तो आमच्यासारख्या घरात छोटा नसतो. खासगी मोटारीच्या विम्यात एक कलम असतं. शर्यत किंवा वेगाची चाचणी यासाठी गाडी वापरली तर विमा लागू होत नाही. म्हणजे पट्टीवर इंजिन बसलं किंवा पत्रा गेला, तर खर्च आपला. भाईंनी ते कलम पुतण्याला मोठ्याने वाचायला लावलं, भाभींच्या समोर. मग विचारलं, "अजून जायचंय?" तो म्हणाला, "जायचंय." मला त्याचं कौतुक वाटलं. अंधारात रस्त्यावर पळणारी पोरं हा हिशेब कधी करतच नाहीत. त्यांचा हिशेब दुसरंच कुणीतरी चुकतं करतं.

१९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. ती काही शर्यत नव्हती, पण मोकळा दिसणारा रस्ता आणि हाताखालची ताकद, हा मामला तोच. मोटार वाहन कायद्याच्या १८९व्या कलमाने सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेस तीन महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास एक वर्ष किंवा दहा हजार किंवा दोन्ही. नुसत्या शिक्षेने रस्ते मोकळे होतील असं मला वाटत नाही. पोराला वेग हवा असतो, तो त्याला कुठेतरी द्यावा लागतो. पट्टीवर समोरून कुणी येत नाही, शेवटच्या रेषेपुढे थांबायला लांब जागा राखलेली असते, रुग्णवाहिका उभी असते, आणि हेल्मेट घातल्याशिवाय, गाडी तपासल्याशिवाय सोडत नाहीत. तिथेही माणसं दगावली आहेत. २००८मध्ये अमेरिकेत स्कॉट कलिटा हा नामांकित चालक गेला, तेव्हा त्या संघटनेने सर्वांत वेगवान गटांचं अंतर १३२० फुटांवरून १००० फुटांवर आणलं. खेळाचं मूळ मापच तोडलं त्यांनी. गावातल्या रस्त्यावर असं माप कोण तोडणार?

शर्यतीच्या रविवारी फजरची नमाज झाली आणि आम्ही निघालो. पट्टीवर पोहोचल्यावर स्टेपनी उतरवली, पुढच्या चाकांतली हवा तीन पौंडांनी कमी केली, मागच्या चाकांत तेवढी वाढवली. स्विफ्टला ओढतात पुढची चाकं, आणि गाडी झटक्याने सुटली की वजन मागे जातं. पुढची चाकं हलकी होऊन जागेवरच फिरतात. हवा कमी केली की रबर जरा पसरतं आणि डांबर धरतं. तपासनिसाने बॅटरी हलवून पाहिली. ती हलली नाही, तेव्हा भाईंनी माझ्याकडे पाहिलं, जणू टॉर्च धरून ती मीच आवळली होती.

दिव्यांचा खांब असतो. पिवळे, मग हिरवा. आधी सुटलात तर लाल, म्हणजे बाद. गंमत अशी की उशिरा सुटलात तरी तुमची वेळ बिघडत नाही, कारण घड्याळ सुरू होतं ते चाक किरणाबाहेर पडल्यावर. उशिराने शर्यत हरता येते, वेळ नाही. पुतण्याने पहिल्या धावेत क्लच एकदम सोडला. चाकं ओरडली, धूर झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि कागदावर आले १९.४ सेकंद. भाई म्हणाले, "आवाज छान होता." दोन धावांमध्ये बोनेट उघडून इंजिन थंड होऊ दिलं. तापलेलं इंजिन गरम, विरळ हवा ओढतं आणि मंदावतं. दुसऱ्यांदा त्याने क्लच सावकाश सोडला, चाक फिरलं नाही, टाळ्याही नाहीत. १८.९. तिसऱ्यांदा १८.७.

एवढ्या पंधरा दिवसांच्या खटपटीने हाती लागलेला वेग सांगू? १८.७ सेकंदांत ४०२ मीटर, म्हणजे सरासरी ताशी ७७ किलोमीटर. द्रुतगती मार्गावर कुणीही याहून जोरात जातो. पण शून्यापासून, उभ्या गाडीतून तिथवर येताना हात, पाय आणि कान एकत्र कसे लागतात हे मी त्या पोराच्या चेहऱ्यावर पाहिलं. गटातल्या क्रमवारीत आमचं नाव बरंच खाली होतं. ते शोधायला मला चष्मा पुसावा लागला.

निघण्यापूर्वी चाकांतली हवा पूर्ववत केली, स्टेपनी चढवली, नट पुन्हा आवळले. घाट उतरताना पुतण्या गप्प होता आणि गाडी नेहमीपेक्षा हळू चालवत होता. सोमवारी तो त्याच गाडीने कामावर गेला. आठवड्याने त्याने एक्झॉस्टचा विषय पुन्हा काढला, तेव्हा भाईंनी त्याच्या हातात पाना दिला आणि मागच्या ब्रेकचे ड्रम उघडायला लावले. टॉर्च मीच धरला.