संसदेतला एक दिवस आणि आपण

नागपूरच्या प्रताप नगरातून आम्ही बचत गटातल्या बाया बोलतो आहोत.

२० सप्टेंबर २०२३ हा दिवस आठवा. दिल्लीच्या नव्या संसद भवनात लोकसभेत चर्चा चालली होती: लोकसभेत आणि विधानसभेत एक तृतीयांश जागा बायांसाठी राखीव ठेवायच्या. संध्याकाळी मतदान झालं. बाजूनं ४५४, विरोधात २. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत बाजूनं २१४, विरोधात एकही नाही. असं विधेयक पहिल्यांदा १९९६ मध्ये आलं होतं. म्हणजे २७ वर्षं लागली.

आम्हाला आनंद झाला. पण त्यात अट होती: आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, त्यानंतर राखीव जागा. २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या ४८ खासदारांत बाया निवडून आल्या ७. तिसरा हिस्सा म्हणजे १६!

मग तोवर हातावर हात ठेवून बसायचं का? ग्रामपंचायतीत निम्म्या जागा आज आपल्या आहेत. त्या खुर्चीवर आपणच बसू, नवऱ्याला बसवायचं नाही. ग्रामसभेत नळाच्या पाण्याचा हिशेब उभं राहून विचारू. इथं बोलायची सवय झाली, की उद्या दिल्लीतही आपला आवाज अडणार नाही.